सवलत हवी, पण हिशेबाने!

महिन्याचा पहिला शनिवार. नुकताच पगार झालेला असतो आणि सुपरमार्केटच्या काउंटरसमोर भरलेल्या ट्रॉलींची रांग लागलेली असते. तासाभराने हातात पडलेल्या लांबलचक बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ छापलेली असते : ‘आज आपण वाचवले ६४२ रुपये’. ती वाचून गृहिणी सुखावते, गृहस्थही समाधानाने मान डोलावतो. मात्र महिनाअखेरीस जमाखर्चाची वही उघडली की हे ६४२ रुपये कुठेच सापडत नाहीत. किराण्याचा खर्च मागच्या महिन्यापेक्षा वाढलेलाच असतो. मग वाचलेले पैसे गेले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर सवलत, कूपन, पॉइंट्स आणि कॅशबॅक या चौघांचा हिशेब एकदा शांतपणे मांडायला हवा. या योजना म्हणजे फसवणूकच असते, असे समजण्याचे कारण नाही. योग्य रीतीने वापरल्यास त्यांतून खरोखर पैसे वाचतात. मात्र दुकानदार त्या ग्राहकाने कमी खर्च करावा म्हणून नव्हे, तर अधिक खर्च करावा म्हणून आखतो, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याकडे पाहिले पाहिजे.

छापील किंमत म्हणजे खरी किंमत नव्हे

बिलावरची ‘बचत’ बहुतेक वेळा एमआरपीशी, म्हणजे वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीशी तुलना करून काढलेली असते. सर्व करांसह असलेली ही किंमत कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. त्याहून एक रुपयाही जास्त घेणे गुन्हा आहे. कमी घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. आपल्या गल्लीतला वाणीही अनेक वस्तू छापील किमतीपेक्षा चार-दोन रुपये कमी घेऊन देतो. फरक इतकाच, की तो ‘आज आपण वाचवले’ असे छापून देत नाही. तेव्हा तुलना करायची ती दुसऱ्या दुकानातील प्रत्यक्ष भावाशी. छापील किमतीशी केलेली तुलना मनाला समाधान देते, पण खिशाला त्याचा उपयोग नसतो.

कोथिंबिरीच्या काडीपासून कार्डापर्यंत

नेहमीच्या गिऱ्हाइकाला काहीतरी वर देण्याची पद्धत जुनीच आहे. भाजीवाली पिशवीत चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते, तेव्हा तीही गिऱ्हाईक टिकवण्याची योजनाच राबवत असते. या कल्पनेला कागदी रूप अमेरिकेत मिळाले. तेथे १८९६ साली ‘एस अँड एच ग्रीन स्टॅम्प्स’ नावाची हिरवी तिकिटे सुरू झाली. खरेदीच्या प्रमाणात मिळणारी तिकिटे वहीत चिकटवायची आणि वह्या भरल्या की भेटवस्तू न्यायची, असा तो प्रकार होता.

ब्रिटनमधील टेस्को या साखळीने अशीच तिकिटे देणे १९७७ साली बंद केले. पुढे १९९५ साली तिने ‘क्लबकार्ड’ देशभर आणले आणि या व्यवसायाचे रूपच पालटले. ग्राहकाला थोडे पॉइंट्स मिळत होते. दुकानाला मात्र कोण, कधी, काय आणि किती घेतो याची संपूर्ण माहिती मिळू लागली. कार्डाची खरी कमाई या माहितीत होती.

आपल्याकडे २००१ साली बिग बझार सुरू झाले आणि मध्यमवर्गाला घाऊक सवलतींची चटक लागली. २६ जानेवारी २००६ रोजी या साखळीने ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला, तेव्हा दुकानांसमोर इतकी झुंबड उडाली की काही ठिकाणी पोलिसांना बोलवावे लागले. पुढे याच समूहावर कर्जाचा डोंगर उभा राहिला आणि २०२२ साली बिग बझारच्या अनेक दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला. या घटनेतून एक धडा घ्यायला हवा. जमवून ठेवलेले पॉइंट्स किंवा आगाऊ पैसे भरून घेतलेली व्हाउचर्स म्हणजे दुकानाकडे असलेले आपले येणे असते. दुकान बंद पडले की ते येणे वसूल करणे अवघड. म्हणून पॉइंट्स साठवण्यापेक्षा वेळच्या वेळी वापरणे शहाणपणाचे.

टक्केवारीचा चकवा

सवलतीच्या जाहिरातींत शाळेतले गणित असते, पण ट्रॉली ढकलताना ते कुणी करत नाही. काही नेहमीचे प्रकार पाहू.

‘२० टक्के जादा’ आणि ‘२० टक्के सूट’ या दोन गोष्टी सारख्या नाहीत. शंभर रुपयांत शंभर ग्रॅमऐवजी १२० ग्रॅम मिळाले, तर प्रत्यक्ष सूट पडते सुमारे १६.७ टक्के. ‘५० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हेत. शंभराचे आधी पन्नास होतात, पन्नासावर २० टक्के म्हणजे दहा रुपये कमी होतात आणि उरतात चाळीस. सूट झाली ६० टक्के. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्के सूट. परंतु तिन्ही नग मुदतीत वापरले गेले तरच. तिसरी सॉसची बाटली फ्रिजमध्ये पडून राहिली आणि टाकून द्यावी लागली, तर सूट शून्य.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे किमान खरेदीची अट. समजा, आपल्या यादीतील सामान १,७०० रुपयांचे झाले आणि दोन हजारांच्या खरेदीवर शंभर रुपये सूट आहे. आपण तीनशे रुपयांची आणखी एखादी वस्तू उचलतो. द्यावे लागतात १,९०० रुपये. ती वस्तू पुढच्या आठवड्यात लागणारच असेल, तर शंभर रुपये खरेच वाचले. नसेल, तर शंभर वाचवण्यासाठी दोनशे रुपये जास्त खर्च झाले. घरपोच सेवेचे शुल्क टाळण्यासाठी आपण मोबाइलवर ज्या चार वस्तू वाढवतो, त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

पाकिटावरची छोटी ओळ

ग्राहकाच्या हाती असलेले एक उत्तम साधन मात्र फारसे कुणी वापरत नाही. वैधमापनशास्त्राच्या वेष्टित वस्तूंसंबंधीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. काही वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकण्याचे बंधन या दुरुस्तीने गेले आणि त्याऐवजी वेष्टनावर एकक किंमत छापण्याची अट आली. निव्वळ वजन एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला आणि जास्त असेल तर दर किलोला किती रुपये पडतात, हे पाकिटावर द्यावे लागते.

ही ओळ वाचण्याची सवय लावून घेतली, तर अनेक समजुती कोलमडतात. ‘मोठा पुडा स्वस्त पडतो’ ही त्यांपैकी पहिली. समजा, कपडे धुण्याच्या पावडरीचा एक किलोचा पुडा १३० रुपयांना आहे आणि अर्ध्या किलोचा ६२ रुपयांना. लहान पुडे दोन घेतले तर १२४ रुपये होतात, म्हणजे मोठाच पुडा महाग. असा प्रकार दुकानात अधूनमधून आढळतो. एक काळजी मात्र घ्यावी. पाकिटावरची एकक किंमत एमआरपीवरून काढलेली असते. एखाद्या पुड्यावर सूट असेल, तर सूट वजा करून भाव पुन्हा काढावा लागतो. त्यासाठी मोबाइलमधील गणकयंत्र पुरेसे आहे.

किंमत तीच ठेवून आतील वजन घटवण्याची युक्तीही याच ओळीने उघडी पडते. पाच आणि दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यांची किंमत वर्षानुवर्षे तीच राहिली, पण आतली बिस्किटे कमी होत गेली, हे प्रत्येक घराने अनुभवले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, साबण, शाम्पू, केसांचे तेल यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशा वस्तूची मूळ किंमत शंभर रुपये धरली, तर ११८ रुपयांची वस्तू १०५ रुपयांना मिळायला हवी. म्हणजे घट १३ टक्के नव्हे, सुमारे ११ टक्के. त्या वेळी लहान पुड्यांच्या बाबतीत अनेक कंपन्यांनी किंमत न घटवता वजन वाढवले. करकपातीचा लाभ आपल्यापर्यंत पोहोचला की नाही, हे ताडून पाहण्यासाठी पाकिटाची किंमत पुरेशी नाही. ग्रॅममागचा भावच पाहावा लागतो.

एका पॉइंटचे मोल किती?

आता पॉइंट्सकडे वळू. ‘दहा हजार पॉइंट्स जमले’ हे ऐकायला भारदस्त वाटते. प्रश्न विचारायचा तो एकच : एका पॉइंटचे पैसे किती? समजा, एका कार्डावर शंभर रुपयांमागे एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटचे मोल २५ पैसे आहे. म्हणजे परतावा झाला पाव टक्का. महिन्याला १५,००० रुपयांची खरेदी करणाऱ्या घराला त्यातून साडेसदतीस रुपये मिळतील. पॉइंट्सच्या मोहाने दीडशे रुपयांची एक अनावश्यक वस्तू घेतली, तर चार महिन्यांची कमाई एका झटक्यात गेली. शिवाय पॉइंट्सना मुदत असते, काही खर्चांवर ते मिळतच नाहीत आणि काही बँका ते वटवण्यासाठी वेगळे शुल्क आकारतात. पॉइंटचे मोलही सगळीकडे सारखे नसते. कार्डाच्या बिलातून वळते केले तर एक, भेटवस्तू घेतली तर दुसरे आणि विमानाच्या तिकिटासाठी वापरले तर तिसरे. बारीक अक्षरांतील अटी वाचल्याखेरीज याचा उलगडा होत नाही.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तर एक नियम कोरून ठेवावा : बिल पूर्ण आणि मुदतीत भरता येत नसेल, तर पॉइंट्सचा विचारच करू नये. वीस हजारांच्या खरेदीवर वरच्या हिशेबाने पन्नास रुपयांचे पॉइंट्स मिळतील. तीच रक्कम थकली आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज लागले, तर एका महिन्याचे व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये, एकूण ८२६ रुपये. पन्नास मिळवण्यासाठी आठशे सव्वीस गमावले! ‘किमान देय रक्कम’ भरली म्हणजे व्याज टळते, हा समजही चुकीचा आहे. तेवढी रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते. व्याज चालूच राहते आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

‘विनाखर्च हप्ता’ ही अशीच एक मोहिनी. शून्य टक्के व्याजाच्या योजनांमध्ये व्याज दुसऱ्या रूपाने वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. आजच्या पद्धतीत बँक व्याज आकारते आणि विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून आधीच कमी करतो. समजा, २४,००० रुपयांचा फोन चार-चार हजारांच्या सहा हप्त्यांत घेतला आणि त्यात सुमारे हजार रुपये व्याज आहे. व्याजाची भरपाई सवलतीतून झाली, पण त्यावरील १८ टक्के जीएसटीचे १८० रुपये आपल्याच माथी आले. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असेल, तर जीएसटीसह ते २३५ रुपये होते. म्हणजे ‘विनाखर्च’ हप्त्याचा खर्च ४१५ रुपये. रोख खरेदीवर वेगळी सूट मिळत असेल, तर तीही हातची गेली.

मन कसे गुंतते?

सुशिक्षित, हिशेबी माणसेही या योजनांत का गुंततात? अमेरिकेतील संशोधक जोसेफ नुन्स आणि झेव्हिअर ड्रेझ यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात याचे उत्तर मिळते. मोटारी धुण्याच्या एका केंद्रात तीनशे ग्राहकांना कार्डे देण्यात आली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के जमवायचे होते. उरलेल्या कार्डांवर दहा शिक्क्यांची जागा होती, पण दोन शिक्के आधीच मारलेले होते. म्हणजे दोन्ही गटांना गाडी आठच वेळा धुवायची होती. पहिल्या गटातील १९ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्के. ‘आपण थोडे पुढे आलो आहोत’ एवढ्या भासानेच माणूस पुन्हा पुन्हा दुकानात येतो. ‘गोल्ड सदस्य होण्यास फक्त ८०० रुपयांची खरेदी बाकी’ असा संदेश मोबाइलवर येतो, तेव्हा हेच घडत असते.

यूपीआयच्या ॲपवरचे स्क्रॅच कार्डही याच जातीचे. पैसे दिले की कार्ड मिळते आणि त्यातून कधी पाच रुपये निघतात, कधी कुठल्याशा चष्म्याच्या दुकानाचे कूपन, तर कधी नुसतेच ‘पुढच्या वेळी नशीब आजमावा’. रोख नोट देताना हात जसा आखडतो, तसा बोटाने आकडा दाबताना आखडत नाही. म्हणून महिन्याच्या किराण्याची रक्कम आधीच ठरवून घेणे हाच उपाय.

मोबाइल क्रमांकाची किंमत

‘सर, मोबाइल नंबर?’ काउंटरवरचा हा प्रश्न आता अंगवळणी पडला आहे. क्रमांक दिला की खरेदीची नोंद आपल्या नावावर जमा होते. घरात लहान मूल आहे, कुणाला मधुमेह आहे, महिन्याचा शेवटचा आठवडा ओढाताणीचा जातो, हे सारे त्या नोंदींवरून कळू शकते. सवलतीच्या बदल्यात ही माहिती द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना बजावले. तेव्हा क्रमांक न देताही बिल मागण्यात संकोच बाळगू नये.

ऑनलाइन खरेदीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा १३ प्रकारांची यादी आहे. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, ग्राहकाला न विचारता बास्केटमध्ये विमा किंवा देणगी टाकणे हे त्यांपैकीच. कॅरीबॅगची किंमत आधी स्पष्ट न सांगता काउंटरवर ती ग्राहकाच्या माथी मारणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र बिल जपून ठेवलेले हवे.

कार्डाविनाही बचत

पॉइंट्स नसतानाही स्वस्ताई साधता येते, याची उदाहरणे आपल्या मातीतच आहेत. मुंबईतील कामगारांनी १९४८ साली नायगावात ग्राहक सहकारी संस्था उभी केली आणि त्यातून पुढे ‘अपना बाजार’ घराघरांत पोहोचले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत साधी : शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक भावाने आणायचा आणि सभासदांनीच तो आपसांत वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही, त्यामुळे मोहही नाही. यादी आधीच द्यावी लागत असल्याने अनावश्यक वस्तू घरात येतच नाही. ही बचत कुठल्याही बिलावर छापली जात नाही, पण ती खरी असते.

खासगी क्षेत्रातही २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने पॉइंट्सच्या कार्डांपेक्षा रोजच्या कमी भावावर भर दिला. शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान, पुरवठादारांना लवकर पैसे आणि मोजक्या पण भराभर खपणाऱ्या वस्तू, असे त्यांचे सूत्र. तिथेही यादीविना गेलेला ग्राहक कपडे आणि प्लॅस्टिकचे डबे घेऊन बाहेर पडतो, हा भाग वेगळा!

मग करावे काय?

पहिली गोष्ट, यादी घरी करावी आणि ती डबे उघडून, शिल्लक पाहून करावी. दुसरी, नेहमी लागणाऱ्या पंधरा वस्तूंचा प्रत्यक्ष दिलेला भाव एका वहीत किंवा मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. तीन महिन्यांत कोणते दुकान कशासाठी स्वस्त, हे आपोआप कळते आणि ‘महाबचत’ खरी की खोटी, याचाही उलगडा होतो. तिसरी, साठा करायचा तो साबण, पावडर, डाळ अशा टिकाऊ वस्तूंचा. तोही घरात जागा आणि मुदत पाहून. चौथी, पाच-सहा कार्डे बाळगण्यापेक्षा आपल्या खर्चाला साजेसे एखादेच ठेवावे आणि त्याचे वार्षिक शुल्क परताव्यापेक्षा जास्त नाही ना, हे पाहावे. पाचवी, पॉइंट्सच्या मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बिलावर ‘वाचवले’ म्हणून जो आकडा येतो, त्यातील खरोखर वाचलेली रक्कम त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकावी. टाकता आली नाही, तर ती वाचलीच नव्हती असे समजावे. महिन्याला पाचशे रुपये असे बाजूला पडले, तर वर्षाला सहा हजार होतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा किंवा घरातील ज्येष्ठांच्या औषधांचा काही भार त्यातून सहज उचलला जाईल.

सवलत घेण्यात कमीपणा नाही आणि ती सोडून देण्यात मोठेपणाही नाही. मात्र यादीत जे नव्हते, ते अर्ध्या किमतीत मिळाले तरी महागच. पुढच्या शनिवारी रांगेत उभे राहाल, तेव्हा आधी ट्रॉलीकडे पाहा आणि मग बिलाच्या तळाकडे.